ओली लाकडं

"काका, ओली लाकडं कुठं मिळतील?"

जयवंत अंगणात येऊन उभा राहिला होता. पायात पांढरे बूट, छातीवर मुंबईकर मंडळाचा बिल्ला. माझा सख्खा पुतण्या. मी ऐनाचं वाळकं खोड फोडत होतो. बाजूला फोडलेल्या लाकडांची पुरुषभर उंचीची रास होती. ती सोडून तो ओली मागत होता.

"ओली कशाला?"

"सुक्याला धूर येत नाही."

"मग बरंच हाय की."

"बरं कसलं? आपल्याला धूरच पाहिजे."

रानमाचीला आम्ही गाव म्हणतो ते जुन्या सवयीनं. मागं उभा कडा, पुढं उतार, आणि मधे भिंतीला फळी ठोकावी तशी ही माची. तिच्यावर चाळीस घरं. उताराच्या तळाशी पूर्वी नदी होती, नदीकाठी आमची भातखाचरं होती. धरण झालं, खाचरं पाण्याखाली गेली, आणि माणसं मुंबईला गेली. घरांना कुलपं लागली. मी सांगतोय त्या साली गावात चार चुली पेटत होत्या. एक माझी. एक सीतारामतात्याची. एक भागाबाईची, ती एकटीच. आणि एक वरच्या टेपावर बाबू ढेबे धनगराची. गावात माणसं किती असं आमच्याकडं कुणी विचारत नाही. चुली किती, असं विचारतात.

रस्ता नव्हता. कडा चढून पलीकडं उतरायचं, नाहीतर गणूची लाँच येईल त्या दिवशी पाण्यावरून जायचं. डोंगरी वस्तीत अडीचशे माणूस असेल तर रस्ता मंजूर होतो, असं सांगत होते. आदल्या साली एक साहेब बघायला आले होते. ते लाँचमधून उतरलेच नाहीत. पाण्यातूनच वर बघितलं, चार घरांतून धूर निघताना दिसला, आणि गणूला म्हणाले, फिरव.

हे जयवंतच्या कानावर गेलं. तो मंडळाचा अध्यक्ष. त्यानं डोकं चालवलं. आता नवे साहेब येणार होते, आणि त्यांना लाँचमधून चाळीस घरांचा धूर दिसला पाहिजे होता. त्यासाठी मुंबईची सगळी भावकी दोन दिवस सुट्टी काढून आली होती.

"माचीवर ओलं लाकूड जाळत न्हाईत, जयवंता," मी म्हणालो. "तुला ठावं हाय."

"का नाही जाळत?"

"थंडीत धूर वर जात न्हाई. कड्याला लागतो नि परत घरात येतो. सून घरात आली की पयल्या दिवशी सासू तिला हेच सांगती."

"काका, एका दिवसानं कोण मरतंय?" तो हसून म्हणाला आणि कोयता मागून घेऊन गेला.

ती सगळी आमचीच माणसं होती. त्यातल्या निम्म्यांच्या बारशाला मी जेवलो होतो. जयवंतची आई लवकर गेली, तेव्हा तो दोन वर्षं आमच्याच चुलीवरचं खाऊन मोठा झाला. आम्हाला मूल नव्हतं. चांगुणा, माझी बायको, त्याला मांडीवर घेऊन भात भरवायची. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर परक्या माणसांना नावं ठेवतोय असं वाटेल.

कुलपं उघडली. कुणी घर झाडलं नाही. उंदरांच्या लेंड्यांवर सतरंज्या टाकल्या. पाण्याच्या कुंडाशी, जिथून आम्ही प्यायला नेतो, तिथं दोन बोकड कापले आणि आतडी तशीच उतारावर भिरकावली. रक्ताचा ओघळ कुंडात गेला. भागाबाई घागर घेऊन गेली होती, ती रिकामी घेऊन परत आली. तिनं कुणाला काही म्हटलं नाही. मी म्हटलं, तर एक पोरगा म्हणाला, "नाना, बिसलेरी आहे ना लाँचमध्ये. दोन दिवस ती प्या."

शशी नावाच्या एकानं गॅसची शेगडी आणली होती. जयवंतनं त्याला चारचौघांत झापलं. "गॅसला धूर असतो का रे, गाढवा?" मग शशीनं लाँचच्या कडेला बांधलेलं जुनं टायर सोडून आणलं आणि कापून चुलीत घातलं. गणू लाँचवाला शिव्या देत वर आला. त्याला एक बाटली देऊन खाली पाठवला.

दुपारी जयवंतची बायको आमच्याकडं आली. दर्शना तिचं नाव. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. तिचं माहेर मुंबईतच, चाळीत. गाव ती पहिल्यांदाच बघत होती. हाताला रॉकेलचा वास, नाकावर काजळी.

"काकी, चूल पेटत नाही."

चांगुणा ओटीवर वाकळांना टेकून बसली होती. तिला बरीच वर्षं दमा होता. थंडीत तो वाढायचा. बसून राहिली तर बरं वाटायचं, आडवी झाली की जीव घाबरायचा.

"किती काड्या घालवल्यास?" तिनं विचारलं.

"अर्धी पेटी."

"आनि लाकूड?"

"ओलं. ह्यांनी सांगितलंय, ओलंच घालायचं."

चांगुणा हसली, मग खोकली, मग परत हसली. "आगं, ओलं लाकूड आनि नवी सून, दोन्ही आधी वाळू द्यावी लागत्यात. मगच घर चालतं."

ती उठली. मी नको म्हणालो तरी उठली. भिंतीला धरत आत गेली आणि आमच्या चुलीपाशी दर्शनाला बसवून तिनं सगळं दाखवलं. खाली काटक्या कशा रचायच्या, वारा कुठून द्यायचा, फुंकणी तोंडापासून किती लांब धरायची. दर्शनानं फुंकलं तर राख उलटी तिच्याच तोंडावर आली. दोघी हसायला लागल्या.

"आणि विझवताना पाणी ओतू का?" दर्शनानं विचारलं.

"पानी न्हाई," चांगुणा एकदम म्हणाली. "लाकडं मागं वडायची, राखंत दाबायची. चुलीवर पानी वतायचं ते गावात माणूस गेलं तरच. हाळी आली की घराघरात चुलीवर पानी वतायचं. मग उंबऱ्याचं एक लाकूड घेऊन पान्यापाशी जायचं. मयत उचलूस्तवर गावात चूल पेटत न्हाई."

"हाळी म्हणजे?"

"ह्यांना इचार. हाळीचा धोंडा ह्यांच्या वाटणीला आलाय."

माचीच्या टोकाला एक मोठा धोंडा आहे. त्याच्यावर उभं राहून ओरडलं की आवाज खाली पाण्यावर जातो, वर टेपावर जातो, आणि पलीकडच्या वाडीलाही जातो. माणूस गेलं की तिथून सांगायचं. माझा बाप सांगायचा, त्याच्यामागं मी. दर्शनाला मी एवढं सांगितलं.

चांगुणा मला म्हणाली, "माझ्या टायमाला नीट द्या बरं का. सासूबाईंच्या वक्ताला आवाज फाटला व्हता तुमचा. पलीकडच्या वाडीला वाटलं वाघ आला."

"तू काय आधी जातीस?" मी म्हणालो.

"मग काय तुमची हाळी मी देऊ? मला दोन पायऱ्या चढता येत न्हाईत."

दर्शनाला हसावं की नाही ते कळेना. चांगुणानं तिला सुकी लाकडं बांधून दिली आणि वर ओलं एक ठेवायला सांगितलं, नवऱ्याला दाखवायला.

संध्याकाळी जयवंतनं शिट्टी मारली. त्याला आधी एकदा सगळं करून बघायचं होतं. रंगीत तालीम, असं तो म्हणाला. एका वेळी सगळ्या चुली पेटवल्या. कुणी उंबराच्या फांद्या घातल्या, कुणी हिरवी करवंदी, शशीनं टायर. माघातली संध्याकाळ, वारा पडलेला. धूर कौलांतून निघाला, कड्यापर्यंत गेला, आणि तिथूनच खाली बसला. वाकळ पांघरावी तसा सगळ्या माचीवर बसला. मुंबईकर डोळे पुसत, हसत घराबाहेर पळाले आणि माचीच्या टोकाला जाऊन बसले. तिथं हवा होती. तिथं त्यांनी गाणी लावली, बाटल्या उघडल्या. जयवंत हाळीच्या धोंड्यावर उभा राहून फोनमध्ये फोटो काढत होता.

मी दार लावलं, फटींत फडकी कोंबली. तरी धूर कौलांतून उतरत होता. चांगुणाला बाहेर नेलं तर गारठा, आत ठेवली तर धूर. मी धोंड्यापाशी गेलो.

"जयवंता, विझवा आता. काकीला सोसंना झालंय."

"अर्धा तास, काका. फोटो ग्रुपवर टाकायचेत."

"ती गुदमरती रे."

"दार लावून घ्या ना," तो म्हणाला. त्याचं लक्ष फोनमध्ये होतं.

रात्रीचं मी सांगत नाही. उजाडायच्या आधी ती गेली.

सकाळी भागाबाई आली. तिनं चांगुणाचं तोंड पुसलं, केस नीट केले, हात छातीवर ठेवले. मी कोपऱ्यात बसलो होतो. मला उठून धोंड्यावर जायचं होतं, पण पाय उचलत नव्हता. एकदा हाळी दिली की ती गेली हे खरं होणार, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

"राघूभाऊ, उठा," भागाबाई म्हणाली. "हाळी द्या. तिकडं चुली पेटल्या बघा त्या लोकांच्या."

मटणाचा वास आमच्या घरात आला होता. साहेबांसाठी सकाळपासून शिजत होतं.

तेवढ्यात जयवंत आला. दारातूनच बोलत आला. "काका, तुमच्या घराचा धूर कुठाय? साहेब निघाले तिकडून. सगळी घरं पेटली, तुमचंच एक..."

मग त्यानं बघितलं.

तो उंबऱ्यात थांबला. डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. तो तिच्या पायांपाशी बसला, पायांवर डोकं ठेवलं. थोडा वेळ तसाच बसला. मग त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"कोणाला कळलंय का?"

"मला नि ह्यांना," भागाबाई म्हणाली.

"काका," तो माझ्याजवळ सरकला, हळू आवाजात बोलायला लागला. "मी सांगतो ते नीट ऐका. साहेब तासाभरात येतात. बघतील, जेवतील, जातील. लाँच त्यांना सोडून आली की तुम्ही हाळी द्या. तोवर नको."

मी चांगुणाच्या तोंडाकडं बघत होतो.

"आत्ता हाळी दिली तर सगळ्या चुली विझवाव्या लागतील. मग साहेबाला काय दाखवायचं? परत वर्ष गेलं. आणि अडीचशे नावांची यादी मोजून मापून बसवलीय. काकीचंही नाव आहे त्यात. घरात आलाच साहेब, तर झोपलीय म्हणून सांगू."

"काय बोलतोस रं?" भागाबाई म्हणाली.

"तू गप, भागाआत्या. तुला कळत नाही." मग परत मला म्हणाला, "काका, काकी का गेली? रस्ता नव्हता म्हणून. रात्री गाडी दारात आली असती तर दवाखान्यात नेली असती की नाही? रस्ता झाला तर पुढच्याला तरी उपयोग. काकीला तेच आवडलं असतं. तिच्यासाठी तरी थांबा."

तो म्हणत होता ते मला पटत होतं. हे सांगितलं पाहिजे. गाडी आली असती तर ती वाचलीही असती. रस्ता आम्हालाच हवा होता, त्याला नव्हता. त्याला वर्षातून दोनदा यायचं. मला, तात्याला, भागाबाईला इथंच मरायचं होतं. मी मान हलवली असेन, कारण तो उठला.

"आणि तेवढी चूल पेटवतो," तो म्हणाला. "तुमचं घर अगदी टोकाला आहे. लाँचमधून पहिलं तेच दिसतं."

तो आत गेला. मी ओटीवरून बघत होतो. तो माझ्या चुलीपुढं उकिडवा बसला. आदल्या दिवशी चांगुणानं दर्शनाला बसवलं होतं त्याच जागी. त्यानं बाहेरून ओल्या फांद्या ओढून आणल्या, रॉकेल ओतलं, काडी लावली. भपकन जाळ झाला आणि विझला, आणि मग पिवळा, दाट धूर यायला लागला. तो चुलीतून निघून मधल्या दारानं ओटीवर आला. चांगुणाच्या तोंडावर आला.

भागाबाई पदरानं तो वारायला लागली. मेलेल्या माणसाच्या नाकातोंडावरचा धूर ती वारत होती आणि तोंडानं नुसती "नको गं, नको गं" म्हणत होती, कुणाला ते कळत नव्हतं.

मी दाराला धरून उठलो.

"जयवंता."

"काय?" तो डोळे चोळत बाहेर आला.

"काल तू अंगणात काय म्हणाला होतास?"

"कधी?"

"लाकडं मागितलीस तवा."

"काय म्हणालो?" त्याला खरंच आठवत नव्हतं. "काका, आत्ता काय ते..."

"एका दिवसानं कोण मरतंय, म्हणालास."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला कळलं का नाही, मला माहीत नाही. मी चुलीवर पाण्याची कळशी ओतली आणि बाहेर पडलो. तो मागनं येत होता. "काका, थांबा. काका, माझं ऐका. दोन तासांचा प्रश्न आहे." धोंड्यापाशी त्यानं माझा हात धरला. तो माथाडीत काम केलेला गडी, माझ्या दुप्पट. मी हात सोडवला नाही. तसाच धोंड्यावर चढलो. त्यानंच सोडला, कारण लोक बघत होते.

खाली पाण्यात लाँच निम्म्यावर आली होती. मागं वळून बघितलं तर माचीवर ओळीनं धूर. काळा, पिवळा, पांढरा. कधी नव्हे ते गाव भरलेलं दिसत होतं. लाँचमधून फार छान दिसत असेल.

"राघू उतेकराच्या उंबऱ्यातलं माणूस गेलं होऽऽ," मी ओरडलो. "चुली विझवा होऽऽ."

आवाज फाटला नाही.

टेपावरून बाबू ढेबेनं तेच शब्द पुढं दिले. मग पलीकडच्या वाडीनं. खाली गणूनं लाँचचं इंजिन बंद केलं. हाळी ऐकली की लाँच थांबवतात, ही पद्धत गणूनं त्याच्या बापाकडून घेतलेली. पाण्यावर एकदम शांत झालं.

पहिला टेपावरचा धूर बंद झाला. मग सीतारामतात्याचा. मग भागाबाई माझ्या घरातून निघाली, तिच्या घरात गेली, आणि तिचाही बंद झाला.

बाकीचे चालू राहिले.

लोक बाहेर आले होते. कुणी हात डोळ्यांवर धरून माझ्याकडं बघत होते, कुणी फोन धरला होता. दोन पोरं माझी नक्कल करत "होऽऽ, होऽऽ" ओरडली, त्यांना कुणीतरी दटावलं. मग जयवंत दोन्ही हात वर करून म्हणाला, "कुणी काही विझवायचं नाही. साहेब वर येऊ दे आधी. बाकीचं मी बघतो."

आणि कुणी विझवलं नाही. मटणाचं पातेलं कुणी उतरवलं नाही. मी धोंड्यावर उभा होतो. माझं आयुष्य गेलं त्या गावात चांगुणासाठी चुली विझायची मी वाट बघत होतो, आणि सगळीकडून धूर निघत होता. मला कुणाचा राग आला नाही. मला घाण वाटली. आपल्या ताटात केस निघावा तशी.

मग एक धूर मधेच पातळ झाला. आधी वाफेसारखा पांढरा लोट आला आणि बंद झाला. ते घर कुणाचं ते मला कळायला वेळ लागला. ते जयवंतचं होतं.

साहेब वर आले. बोंद्रे त्यांचं नाव. चाळिशीतला, दमलेला माणूस, हातात फाईल. पुढचं मला गणूनं सांगितलं. जयवंतनं त्यांच्या गळ्यात हार घातला. त्यांनी विचारलं, कोण वारलं? जयवंत म्हणाला, "वय झालं होतं, साहेब. आजारी होत्या. आपण आधी जेवून घेऊ." साहेबांनी हार काढून हातात धरला आणि म्हणाले, "गावात मयत असताना माझ्या घरी पण जेवत नाहीत." मग त्यांनी गणूला माझं घर विचारलं.

ते आले तेव्हा मी अंगणात बांबू तासत होतो. सीतारामतात्या दोऱ्या करत होता. वरच्या बाजूला मुंबईकरांची पंगत बसली होती. मी दोन बांबू आडवे बांधेपर्यंत ते जेवत होते. ताटं वाजल्याचं ऐकू येत होतं, नळी चोखल्याचं ऐकू येत होतं. तात्या म्हणाला, "राघू, माझं दात असते तर मी आज कुणाला तरी चावलो असतो." साहेबांनी बूट काढून बाजूला ठेवले आणि दोरीचं टोक धरून बसले.

जेवण झाल्यावर चारदोन जण आले. "वाईट झालं, नाना," म्हणाले. हात जोडले. एकाच्या मिशीला रस्सा होता. शशी म्हणाला, "थांबलो असतो, पण उद्या ड्यूटी आहे. गणूला लवकर मोकळं करा तेवढं."

खांद्याला चार माणसं पाहिजेत. मी पुढं, मडकं धरून. मागं बाबू ढेबे, गणू, साहेब आणि सीतारामतात्या. तात्या कंबरेत वाकलेला, त्यामुळं तिरडी त्याच्या बाजूला कलायची. साहेब त्याच्या जोडीला होते. त्यांनी गुडघे वाकवले आणि उतारभर तसेच वाकून चालले. आमच्या मागून बॅगा घेतलेली मुंबईकर मंडळी येत होती. अंत्ययात्रा केवढी मोठी वाटत असेल लांबून. धक्क्यावर आल्यावर ते सगळे लाँचमध्ये चढले आणि आम्ही पाण्याच्या काठानं पुढं गेलो.

आमच्याकडं सरण उंबऱ्यांच्या लाकडांचं असतं. प्रत्येक घरानं एक लाकूड द्यायचं. त्या दिवशी बाबूनं दिलं, तात्यानं दिलं, भागाबाईनं पाठवलं. बाकीचं माझंच, अंगणातला ऐन. मी आदल्या दिवशी फोडला होता तो.

अग्नी द्यायचा तेवढ्यात उतारावरून कुणीतरी धडपडत येताना दिसलं. दर्शना होती. साडी चिखलानं भरलेली, दोन्ही हातांत एक लाकूड, छातीशी धरलेलं. जवळ आली तेव्हा बघितलं तर ते चुलीतलं होतं. अर्धं जळलेलं, वरून पाणी ओतल्यानं निथळणारं. उंबराची ओली फांदी.

"उंबऱ्याचं लाकूड," ती म्हणाली. तिला दम लागला होता. "काकींनी सांगितलं होतं."

तात्या पुढं झाला. "पोरी, बाईमाणसानं हितं यायचं नसतं. आनि चुलीतलं लाकूड सरनाला चालत न्हाई. जळकं लाकूड मयताला देत न्हाईत."

तिचं तोंड एवढंसं झालं. "मला ते माहीत नव्हतं. तेवढं काकी बोलल्या नाहीत."

"तेवढं सांगायचं ऱ्हायलं तिचं," मी म्हणालो. मी तिच्या हातातलं लाकूड घेतलं. "तात्या, मुंबईकरांच्या घरांतनं हे एकच आलंय. मागारी पाठवू?"

तात्या बाजूला झाला. ते मी चांगुणाच्या पायांकडं ठेवलं, तोंडापासून लांब. आणि अग्नी दिला.

ऐन धडाडून पेटला. ते लाकूड पेटलं नाही, धुमसत राहिलं. पण दुपार झाली होती, पाण्यावरून वारा सुटला होता, आणि धूर कुणाच्या घरात न जाता निघून गेला.

लाँचमधून भोंगा वाजला. गणू सरणापाशी आमच्यात उभा होता, म्हणजे तो दुसऱ्याच कुणीतरी वाजवला होता. घाई होती त्यांना. थोड्या वेळानं परत वाजला. गणू तिकडं बघून थुंकला आणि जागचा हलला नाही.

साहेबांनी फाईल उघडली नव्हती. ती त्यांच्या काखेत होती. ते वर माचीकडं बघत होते. तिथून अजून धूर निघत होता, ओळीनं.

"वर कोणी आहे अजून?" त्यांनी मला विचारलं.

"कुलपं हायत," मी म्हणालो. "चुली तशाच ठेवून कुलपं लावली."

त्यांनी फाईल काखेतून काढली. मग म्हणाले, "मला आकडा लिहावा लागेल. गावात माणसं किती ते तुम्हीच सांगा. सांगाल ते लिहितो."

त्यांच्या आवाजावरून मला समजलं, मी अडीचशे म्हणालो असतो तर त्यांनी अडीचशे लिहिले असते. मी सरणाकडं बघितलं. रस्ता अजून झालेला नाही, आणि तो का झाला नाही हे जयवंत मुंबईत सगळ्यांना सांगतो. सांगू दे.

"हितं हुबी हायत तेवढी," मी म्हणालो. "वर भागाबाई, तात्याची म्हातारी आनि बाबूच्या घरातली. बास."

साहेबांनी आमच्यावरून नजर फिरवली. तात्या, बाबू, मी. मग दर्शनापाशी थांबले. ती काळे झालेले हात पुढं धरून उभी होती, कुठं पुसावेत ते तिला कळत नव्हतं. लाँचमधून जयवंत हाका मारत होता. "दर्शना, चल. लाँच सुटतेय."

"आणि ह्या?" साहेबांनी विचारलं.

"तिला पयली धरा," मी म्हणालो.